खडबडीत भिंतीच्या पोटात

मागच्या अंकात आम्ही स्वयंपाकघरातल्या ओट्याविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत मिरजेच्या एका भगिनीने ओट्याचे सोडून वेगळेच विचारले आहे. त्यांनी रीसेलचा फ्लॅट घेतला आहे. हॉलच्या भिंतींवर कंगव्याने ओढल्यासारख्या लाटा आहेत, झोपायच्या खोलीत अंगावर पुरळ यावे तसे बारीक दाणे आहेत. पुढच्या महिन्यात राहायला जायचे आहे. रंगारी म्हणतो, मशीन लावून दोन दिवसांत सगळे सपाट करून देतो. लावू द्यावे का?

या वेळी पाण्याच्या टाकीविषयी लिहायचे ठरवले होते. ते पुढच्या महिन्यावर ढकलतो, कारण हा प्रश्न आम्ही याच वर्षी आमच्या घरात सोडवला आहे. खरे सांगायचे तर आधी चुकवला आणि मग सोडवला. भगिनी, मशीन लावू देऊ नका. निदान आठ दिवस तरी थांबा. का, ते सांगतो.

आमचा फ्लॅट कोंढव्यात आहे. अब्बांनी १९९६ साली मोमिनपुऱ्यातल्या दोन खोल्या सोडून तो घेतला. त्या सुमारास कॅम्प, भवानी पेठ, गंज पेठ इथली कितीतरी कुटुंबे कोंढव्याकडे सरकत होती. जुन्या घराच्या भिंती चुन्याच्या होत्या. दर वर्षी शब-ए-बारातच्या आधी सफेदी व्हायची, कपड्यांना पांढरे लागायचे, आणि त्यातच रमजानची चाहूल असायची. कोंढव्याच्या घरात दोन वर्षांनी, आपाच्या लग्नाच्या आधी, अब्बांनी हॉलला टेक्श्चर करून घेतले. तेव्हा ती नवी गोष्ट होती. कारागिराने ओल्या मसाल्यात दातेरी पट्टी फिरवून लाटा काढल्या, वर बदामी रंग दिला. मेहमान भिंतीला हात लावून बघायचे. पुढे दोन्ही बेडरूमला आम्ही रोलरचे टेक्श्चर मारून घेतले. त्या हौसेचा दोष मात्र सर्वस्वी आमचा.

अशा भिंतीसोबत राहताना काय होते, ते ज्यांच्या घरी आहे त्यांना सांगायला नको. मुलांची कोपरे सोलवटतात. ओढण्यांचे धागे निघतात. आयतुल कुर्सीचा तुघरा पंचवीस वर्षांत एकदाही भिंतीला नीट टेकला नाही, खालून बोटभर फट राहायचीच आणि त्या फटीत पालीचा संसार. पण हे सगळे चालून गेले असते. आमच्या धाकटीला दमा निघाला, तिथून गोष्ट बदलली. डॉक्टरांनी घरातली धूळ कमी करायला सांगितली. आम्ही गालिचा काढला, जाड पडदे काढले, तिचे कापसाचे अस्वलसुद्धा रडारड करून नानीकडे पाठवले. भिंतीकडे कोणाचेच लक्ष नव्हते. एके दिवशी ओल्या पांढऱ्या फडक्याने हॉलच्या भिंतीचा हातभर तुकडा पुसला. फडके काळे झाले आणि भिंत जशीच्या तशी दिसत राहिली, कारण धूळ लाटांच्या तळाशी बसली होती. प्रत्येक लाट म्हणजे एक छोटी फळी. हॉलभर अशा हजारो फळ्या, आणि एकीवरही झाडू पोचत नाही.

जानेवारीत एका ठेकेदाराला काम दिले. त्याने दोन पोरे आणि घासायचे मशीन पाठवले. सोफ्यावर चादर टाकली, टीव्हीवर प्लॅस्टिक टाकले, झाली तयारी. दुपारपर्यंत घरात समोरचा माणूस दिसेना. बंद कपाटातल्या कपड्यांवर पांढरा थर आला. वरच्या फळीवर जुजदानात गुंडाळून ठेवलेल्या कुरआन शरीफवरही बोट फिरवले तर रेघ उठत होती. मशीन बंद झाले, धूळ खाली बसली असे वाटले, आम्ही दोनदा झाडून घेतले (कोरड्या झाडूने, ही दुसरी चूक) आणि झोपलो. रात्री दोनला धाकटीला घेऊन दवाखाना गाठला. सकाळपर्यंत तिचा श्वास सुरळीत झाला, अल्हमदुलिल्लाह. त्या रात्रीविषयी याहून जास्त लिहिणार नाही.

एक मात्र लिहायला हवे. मशीन चालवणाऱ्या मुलाचे वय एकोणीस-वीस असेल. तोंडाला हातरुमाल बांधलेला. पापण्यासुद्धा पांढऱ्या. आमच्या मुलीने ती धूळ एक दिवस खाल्ली, तो रोज खातो. सिमेंटच्या गिलाव्यात वाळू असते आणि वाळूत सिलिका. ती कोरडी घासली की तिचा डोळ्यांना न दिसणारा बारीक भाग फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो आणि तिथेच राहतो. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसवर बरे करणारे औषध नाही. हातरुमालाने ती अडत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो, आणि खरे म्हणजे धूळ उडूच न देणारी पद्धत लागते. घर आपले असले तरी त्या मुलाला मास्क देणे ठेकेदाराचे काम, असे म्हणून आम्ही गप्प बसलो होतो. बोहरी आळीतल्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात तो मिळतो.

काम थांबवले. अर्धी भिंत खरवडलेली, अर्धी लाटांची, अशा हॉलमध्ये आठवडा काढला. मग अब्बा मशिदीतून येताना शेजारच्या इमारतीतल्या एका वृद्ध गवंड्यांना घेऊन आले. चाळीस वर्षे गवंडीकाम केलेले गृहस्थ, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांच्याकडे सामान एवढेच: एक बॅटरी, एक नाणे, अल्युमिनियमची लांब सरळ पट्टी, पाणी शिंपडायची बाटली आणि जुना पत्रा. चहा घेण्याआधीच त्यांनी विचारले, "बेटा, ही भिंत खडबडीत का केली होती, ते विचारलंत का कुणाला?"

आम्ही म्हटले, "फॅशन होती, उस्ताद."

"फॅशन असेल. पण सरळ भिंतीवर फॅशन करणारे कमी. वाकड्या भिंतीवर करणारे जास्त."

त्यांनी दिवे बंद करून बॅटरी भिंतीला अगदी लागून धरली आणि उजेड आडवा सोडला. भिंतीचे सगळे उंचवटे, पोटे, खड्डे सावल्यांनी उठून दिसले. मग पट्टी लावली. खिडकीच्या बाजूला भिंत जवळजवळ बोटभर आत गेलेली होती. बिल्डरच्या गवंड्याने गिलावा ओळंब्यात धरलाच नव्हता, आणि पंचवीस वर्षे लाटांनी ते झाकले होते. मशीनने लाटा काढल्या असत्या, तरी हे पोट निघाले नसते, उलट गुळगुळीत रंगात ते जास्त दिसले असते. हल्ली छतातून भिंतीवर उजेड सोडणारे दिवे लावतात. त्यांच्याखाली तर भिंतीतला कागदाएवढा फरकही लपत नाही. रंगही असा निवडावा लागतो. चकाकणारा रंग प्रत्येक खोट दाखवतो, मॅट रंग बरीच पोटात घालतो.

मग नाणे. भिंतीवर हलके ठोकत गेले की भरीव आवाज येतो. मध्येच भद्द, पोकळ आवाज आला तर तिथे गिलाव्याने विटा सोडल्या आहेत. तेवढा गिलावा फोडून नवा करायचा, त्याच्यावर कितीही महाग पुट्टी चढवली तरी ती एक दिवस गिलाव्यासकट खाली येते. आमच्या हॉलमध्ये अशा तीन जागा निघाल्या.

नंतर पाणी. तळहाताएवढ्या जागेवर पाणी शिंपडायचे, दहा-पंधरा मिनिटे थांबायचे आणि पत्र्याने खरवडून पाहायचे. मसाला मऊ होऊन लोण्यासारखा सुटला तर तो पीओपीचा, खडूचा किंवा चुन्याचा. अशी भिंत ओली करून हळूहळू उतरवता येते, धूळ जवळजवळ होत नाही. पाणी मोत्यासारखे ओघळून गेले तर वर ऑइल पेंटची किंवा प्लॅस्टिक पेंटची कातडी आहे. ती आधी ठिकठिकाणी पत्र्याने फाडून पुन्हा पाणी मारून बघायचे. आमच्या बेडरूमचे रोलरचे टेक्श्चर अ‍ॅक्रिलिक निघाले. ते पाण्याला अजिबात दाद देत नाही, कारण त्यातले दाणे रंगाच्याच चिकटपणाने धरलेले असतात. आणि तिसरी जात सिमेंटची. काही जुन्या इमारतींत जिन्यात, बाल्कनीत आणि कधी हॉलच्या एका भिंतीलाही खडी मिसळलेला मसाला फेकून मारलेला असतो. तो गिलाव्याचाच भाग झालेला असतो, काढायला गेलात तर गिलावा घेऊनच येतो. त्याला हात न लावता वरून भरणे हाच शहाणपणा.

इथे यूट्यूबचे सांगायला हवे, कारण आम्हीही त्यातून फसलो. पाणी मारले, पत्रा फिरवला आणि छताचे दाणे पोह्यासारखे झरझर खाली पडले, असे व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथे भिंत आणि छत जिप्समच्या बोर्डाचे आणि दाणे त्यावर फवारलेले. आपल्याकडे वीट, वर सिमेंटचा गिलावा, वर रंगाचे पाच-सहा थर. दोन्हींना एकच इलाज चालत नाही. आणि ज्या वाचकांची मुले, भाऊ-बहिणी इंग्लंड-अमेरिकेत आहेत, त्यांनी एवढा निरोप जरूर द्यावा: तिकडच्या १९८० च्या दशकापर्यंतच्या अशा दाणेदार लेपांत अ‍ॅस्बेस्टॉस मिसळलेले असू शकते. इंग्लंडमध्ये आर्टेक्स नावाचा लेप घरोघरी छताला असे, त्यात ते होते. तपासणी केल्याशिवाय तिथे खरवडायचे नाही. आपल्या भिंतींत धोका वेगळा आहे. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत नव्वद भागांपेक्षा जास्त नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग, विशेषतः दारे-खिडक्यांचा, कोरडा घासायचाच नाही. लहान मुलांच्या मेंदूला शिसे फार वाईट.

उस्तादांनी मग हिशेब मांडला, आणि आमचा सगळ्यांत मोठा गैरसमज तिथे गेला. आम्हाला वाटत होते, दोन हात पुट्टी मारली की लाटा बुजतील. ते म्हणाले, एक ब्रास भिंतीवर, म्हणजे शंभर चौरस फुटांवर, एक मिलीमीटर जाडीचा थर द्यायला नऊ लिटरहून जरा जास्त मसाला लागतो. तुमची लाट चार मिलीमीटर खोल. डोंगर आणि दरी निम्मी-निम्मी धरली तरी सरासरी दोन मिलीमीटर भरायचे. म्हणजे ब्रासला एक मोठी बादली. हॉलच्या भिंती दारे-खिडक्या वजा जाता चार ब्रास. चार बादल्या ओला मसाला नुसता खड्डे भरायला, सपाटी त्याच्यानंतर. आणि सफेद सिमेंटची पुट्टी सगळे हात मिळून साधारण दीड मिलीमीटरच्या वर चढवायचीच नसते. जाड चढवली की वाळताना तडकते. रंगाच्या गुळगुळीत कातडीवर तर ती धरतच नाही, वर्षभरात पापडासारखी सुटते.

म्हणूनच दोन रंगाऱ्यांच्या दरात दुपटीचा फरक असतो आणि दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. एकाने नुसती पुट्टी धरलेली असते, दुसऱ्याने खरवडणे, टाचे मारणे, भरावाचा थर, पुट्टीचे दोन हात, प्रायमर आणि राडारोडा उचलणे हे सगळे धरलेले असते. दर विचारण्याआधी कामाची यादी कागदावर लिहून घ्या. राडारोडा कुठे जाणार तेही विचारा. तो नदीपात्रात किंवा नाल्याकाठी नेऊन टाकणे हा गुन्हा आहे, आणि पुण्यात तो सर्रास होतो.

झाकून टाकण्याचा मार्गही लोक सुचवतात. पीव्हीसीच्या पट्ट्या, प्लायवूड, जिप्सम बोर्ड. काम दोन दिवसांत होते, धूळ कमी, दिसायला छान. आमच्या थोरल्या साडूंनी तसेच केले आणि ते खूश आहेत. पण बोर्ड बसवायला पट्ट्यांचा सांगाडा लागतो, दोन-तीन इंच जागा जाते, आणि दहा बाय दहाच्या खोलीत दोन-तीन इंच म्हणजे कपाटाचे दार उघडते की नाही एवढा प्रश्न. मुख्य म्हणजे भिंत ओली असेल तर बोर्डामागे बुरशी आणि प्लायवूडला वाळवी. दिसत नाही म्हणून ती वाढतच जाते. दमा असलेल्या घरात आम्हाला हे नको होते.

ओलीवरून आता अब्बांच्या भिंतीकडे येतो.

हॉलची खिडकीकडची भिंत बाहेरच्या बाजूची. उस्तादांनी तिच्यावर दीड फूट बाय दीड फूट प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का बसवला आणि दोन दिवस ठेवायला सांगितला. प्लॅस्टिकच्या बाहेरच्या अंगाला दव आले तर ती खोलीतली दमट हवा, आतल्या अंगाला आले तर पाणी भिंतीतून येते आहे. जानेवारी महिना, बाहेर टिपूस नाही, आणि दोन दिवसांनी आतल्या अंगाला पाण्याचे थेंब. तिथला मसाला खरवडला तर आत पांढरा भुसभुशीत लोणा. उस्तादांनी बोटावर घेऊन अब्बांना दाखवला. अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "मला माहीत होतं."

घर घेतल्यावर पहिल्याच पावसात त्या भिंतीला ओल आली होती. बिल्डरने लक्ष दिले नाही, सोसायटी तेव्हा झालेलीच नव्हती, आणि बाहेरून परांची बांधून दुरुस्ती करायला पैसे नव्हते. दोन वर्षांनी आपाचे लग्न ठरले. मुलाकडची माणसे घरी येणार. भिंतीवर नकाशासारखा पिवळा डाग. रंग दिला, डाग पुन्हा वर आला. तेव्हा कोणीतरी सुचवले, टेक्श्चर करा, त्यात काही कळत नाही. अब्बांनी उसने पैसे घेऊन चारही भिंती करून घेतल्या, एकच केली असती तर लोकांना शंका आली असती म्हणून. अम्मींनाही त्यांनी खरे कारण सांगितले नव्हते. अम्मी आता नाहीत. त्या भिंतीची त्या फार तारीफ करायच्या.

आम्ही ती भिंत एवढी वर्षे अब्बांची हौस समजत होतो. तिच्यावरून त्यांना चिडवलेही होते.

उस्तादांनी अब्बांच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच कामाचे बोलले. ते बरे झाले. म्हणाले, आतून काहीही करू नका. पाणी बाहेरून येते, तर इलाज बाहेरून. छज्जा जिथे भिंतीला मिळतो तिथे चीर आहे का, पावसाच्या पाण्याचा पाइप कुठे गळतो का, वरच्या मजल्याच्या बाथरूमचा उतार कुठे आहे, ते आधी. आत वॉटरप्रूफ रंग मारलात तर पाणी थांबत नाही, जागा बदलते. सोसायटीशी दोन महिने पत्रव्यवहार, एक कडू बैठक, आणि मे महिन्यात बाहेरची चीर व पाइप दुरुस्त झाले. हे काम भिंत घासण्यापेक्षा लांबचे आणि कंटाळवाणे आहे, पण त्याच्याशिवाय बाकीचे सगळे पैसे पाण्यात. अगदी शब्दशः.

गंज पेठ, घोरपडे पेठ, कसबा इथल्या जुन्या घरांत अजून राहणाऱ्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. तुमच्या भिंती मातीच्या किंवा चुन्याच्या असतील तर वर सांगितलेली सिमेंटची पुट्टी आणि सिमेंटचा गिलावा त्यांना लावू नका. चुन्याची भिंत ओल शोषते आणि परत हवेत सोडते. वर सिमेंटची किंवा प्लॅस्टिक पेंटची कातडी चढली की ओल आत कोंडते, लोणा वाढतो आणि गिलावा ढलप्यांनी पडतो. चुन्याला चुनाच. आणि चुना गुळगुळीत होत नाही असे कोणी म्हणाले तर त्याला बीबी का मकबरा दाखवावा. दुरून सगळा संगमरवरी वाटतो, पण संगमरवर खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला. मधला बराच भाग काळ्या दगडाचा, त्यावर चुन्याचा गिलावा घोटून घोटून चकाकी आणलेली. ओला असतानाच, पातळ थरांनी, हाताने. धूळ उडवून नव्हे.

तेच तत्त्व उस्तादांनी आमच्या घरात वापरले. काम फेब्रुवारीत, एका वेळी एकच खोली. धाकटी तेवढे दिवस नानीकडे, तिच्या अस्वलाजवळ. दाराला प्लॅस्टिकचा पडदा, उंबऱ्यात ओले गोणपाट. छताचा पंखा बंद, खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा. आधी स्विचबोर्डांच्या वर-खाली वायरचे पाइप कुठून गेले ते खडूने आखले आणि मेन स्विच बंद करून मगच टाचे मारले. हॉलच्या लाटांचे शेंडे पाणी मारत पत्र्याने उडवले, पूर्ण लाट काढली नाही. कातडी टाच्यांनी फोडून चिकटपणाचा हात दिला, त्यावर जाड भरावाचा मसाला, वाळल्यावर पुट्टीचे दोन पातळ हात. पुट्टी पूर्ण कडक होण्याआधीच ओल्या स्पंजने घोटली, त्यामुळे शेवटी पॉलिश पेपर मारायचे काम नावापुरते उरले. झाडणे बंद, रोज ओल्या फडक्याने पुसून घेणे. सगळे करण्याआधी दारामागे दोन फूट बाय दोन फूट नमुना केला होता. तीन दिवसांनी तो नखाने, पत्र्याने उचकटून पाहिला, टिकला, तेव्हा पुढे गेलो. भिंतीची जाडी वाढते म्हणून स्विचबोर्ड थोडे बाहेर घ्यावे लागले. दाराच्या चौकटीपाशी थर निमुळता करावा लागतो, हे आधी कोणी सांगितले नव्हते.

बेडरूमचे अ‍ॅक्रिलिक दाणे आम्ही काढलेच नाहीत. तिथे पैसे संपले, हे एक कारण. दुसरे असे की दाणे बारीक होते. त्यांचे टोक रुंद पत्र्याने मोडले, त्यावर धुता येणारा रंग दोन हात दिला. आता वरून खाली ओले फडके फिरवले की धूळ निघते, धागे अडकत नाहीत. ज्यांना मोठा खर्च झेपत नाही, किंवा जे भाड्याच्या घरात राहतात, त्यांनी एवढे केले तरी पुष्कळ आहे. भाड्याच्या घरात मालकाला आधी विचारून. हे सपाट भिंतीसारखे दिसत नाही, कबूल. पाहुण्यांना फरक कळतो. धाकटीच्या छातीला कळतो की नाही, हे सांगायला आम्ही डॉक्टर नाही. या वर्षी तिच्या शाळेच्या रजा कमी झाल्या, एवढे मात्र खरे.

मिरजेच्या भगिनी, राहायला जाण्याची तारीख पुढे ढकलता येत असेल तर ढकला. येत नसेल तर एक खोली नीट करून तिच्यात राहा आणि बाकीच्या सावकाश करा. भर पावसाळ्यात पुट्टीचे काम काढू नका, थर वाळत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी चांगले. आणि मागच्या मालकांना फोन करून एवढेच विचारा, की हे का करून घेतले होते. कदाचित सांगतील.

आमच्या हॉलच्या तीन भिंती आता पांढऱ्या, सपाट आहेत. तुघरा भिंतीला टेकला आहे. चौथी, खिडकीकडची, विटांपर्यंत उघडी ठेवली आहे. बाहेरची दुरुस्ती टिकली की नाही हे एक पूर्ण पावसाळा गेल्याशिवाय कळणार नाही, आणि तिला सुकायलाही वेळ हवा. बकरी ईदला घरात पाहुणे आले, तेव्हा आम्ही तिच्यासमोर पडदा लावायला निघालो होतो. अब्बांनी लावू दिला नाही. जो येईल त्याला ते स्वतः उठून दाखवत होते, पाणी कुठून यायचे आणि पाइप कुठे बदलला. हे लिहीत असताना बाहेर पाऊस चालू आहे. सकाळी फजरनंतर ते त्या विटांवर हात ठेवून उभे होते. अजून कोरड्या आहेत म्हणाले.